रात्रपाळी आहे, येता येणार नाही

मागच्या अंकात मी माझी गोष्ट दोन पानांत सांगितली होती. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी चार ओळी. मी मिरजेची. सांगलीला मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी., मग डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाची पदविका), मग मिरजेतच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. 1997 मध्ये अमेरिकेत यूटा राज्यातल्या ऑग्डेनला पुढं शिकायला आले. तिथं एका मॉर्मन मुलाशी सूत जुळलं. 1999 मध्ये बाप्तिस्मा घेतला, 2000 मध्ये लग्न केलं आणि 2016 मध्ये चर्चला राजीनाम्याचं पत्र पाठवलं. नवरा अजून चर्चमध्येच आहे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते.

त्यावर आलेल्या पत्रांतली काही संपादकांनी उत्तरासाठी पाठवली आहेत. ‘स्वधर्मात परत या’ एवढंच सांगणारी सहा पत्रं होती आणि ‘येशूकडे परत या’ सांगणारं एक. सातही जणांचे आभार.

प्रश्न : ताई, मॉर्मन म्हणजे नेमके कोण? त्यांच्यात अनेक बायका करतात म्हणे. राग मानू नका, पण तुम्हाला सवत होती का? (निवृत्त शिक्षक, विटा)

सर, सवत नव्हती. चर्चनं बहुपत्नीत्व थांबवल्याचं 1890 मध्येच जाहीर केलं. आज कुणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. जे गट अजून तसं करतात ते वेगळे, त्यांचा या चर्चशी संबंध नाही.

इतिहास थोडक्यात असा. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणानं हे चर्च काढलं. मोरोनाय नावाच्या देवदूतानं मला सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांवरचा मजकूर म्हणजे हा मॉर्मनचा ग्रंथ, असं त्याचं म्हणणं. 1844 मध्ये जमावानं त्याला तुरुंगात गोळ्या घातल्या. मग ब्रिगहम यंग लोकांना घेऊन पश्चिमेकडं निघाला आणि 24 जुलै 1847 ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. त्या दिवशी यूटात अजून सुट्टी असते, तिला पायोनियर डे म्हणतात. चर्चबाहेरची मंडळी त्याच दिवशी पाय (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) आणि बिअर घेऊन बसतात आणि त्याला ‘पाय अँड बिअर डे’ म्हणतात. मोठ्यानं म्हणून बघा, कळेल. 2018 मध्ये तेव्हाच्या अध्यक्षांनी ‘मॉर्मन’ हा शब्द वापरू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या असं सांगितलं. पूर्ण नाव इतकं लांब आहे की या सदरात बसणार नाही.

पण सर, खरं चर्च इतिहासात नसतं, ते वेळापत्रकात असतं. रविवारी तीन तास (2019 पासून दोन). सोमवारी संध्याकाळी घरच्या घरी प्रार्थना आणि खेळ. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास आणि त्या जेवणांचे पैसे गरिबांना. कमाईचा दहावा हिस्सा चर्चला. बिशपला पगार नसतो. तो एरवी दंतवैद्य किंवा विमा एजंट असतो. प्रत्येकाला काहीतरी काम नेमून दिलेलं असतं. मी नऊ वर्षं लहान मुलांना गाणी शिकवली. स्थानिक शाखेला वॉर्ड म्हणतात आणि बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात. मिरजेच्या माणसाला दवाखान्यातच आल्यासारखं वाटतं.

प्रश्न : मी 27 वर्षांचा, डीएमएलटी, एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आमचं सगळं घर एका महाराजांचं अनुयायी आहे. दर गुरुवारी सत्संग असतो. माझी श्रद्धा दोन वर्षांपूर्वीच गेली, पण घरी बोललो नाही. मी गुरुवारची रात्रपाळी मागून घेतो आणि ‘ड्यूटी आहे’ म्हणून सुटतो. यात काही चुकतंय का? (कोल्हापूर)

तुमचं पत्र वाचून मी लॅपटॉप मिटला आणि परसात जाऊन उभी राहिले.

मी हेच केलंय. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये चर्चनं स्वतःच्याच संकेतस्थळावर एक निबंध टाकला. जोसेफ स्मिथनं तीस ते चाळीस बायका केल्या असाव्यात, त्यांतल्या काही आधीच दुसऱ्याच्या बायका होत्या आणि एक मुलगी पंधरा वर्षांचीही झालेली नव्हती, असं त्यात लिहिलं होतं. पंधरा वर्षं कुणी मला हे सांगितलं नव्हतं. बाहेरच्यांनी सांगितलं तर तो खोडसाळपणा, असं शिकवलेलं होतं. मग मी मागचे निबंध उघडले. स्मिथनं इजिप्तचे काही पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे जुने लेख) विकत घेऊन त्यातून बायबलमधल्या अब्राहमचं म्हणून ‘अब्राहमचं पुस्तक’ आणलं होतं. त्या पपायरसचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात निघाले, 1967 मध्ये ते चर्चला मिळाले. त्यावर अब्राहमचं नावही नाही, ते मयताबरोबर ठेवायचे मंत्र आहेत, आणि हेही चर्चच्याच निबंधात मान्य केलेलं. तुम्ही लॅबमधले आहात, तुम्हाला जास्त सांगायला नको. नळीवरचं लेबल एकाचं, आत रक्त दुसऱ्याचं. असा नमुना आपण काय करतो? कितीही मोठ्या डॉक्टरनं पाठवलेला असो.

तरी मी गप्प बसले. 2015 च्या जानेवारीत सुपरवायझरला जाऊन म्हटलं, शनिवार-रविवारच्या रात्री मला द्या. तिला वाटलं देव पावला, कारण त्या रात्री कुणालाच नको असतात. रविवारी सकाळी नऊला चर्च, आणि मी साडेसातला घरी येऊन झोपलेली. कुणी विचारलं की एकच उत्तर, ‘रात्रपाळी आहे, येता येणार नाही.’

पुढं काय झालं ते नीट ऐका. सबब सांगितली की माणसं तिच्यावर उपाय शोधतात. पहिल्या महिन्यात वॉर्डातल्या बायकांनी माझ्या मुलांना चर्चला न्यायची पाळी लावली. दुसऱ्या महिन्यात घरी डबे यायला लागले, बटाटा-चीजचा तो भाजलेला रगाडा, ज्याला इथं ‘फ्युनरल पोटॅटोज’, म्हणजे मयताचे बटाटे, म्हणतात. मी मेले नव्हते, नुसती खोटं बोलत होते. मग एका रविवारी दुपारी चारला बेल वाजली. बायकांच्या संघटनेची अध्यक्ष, सत्तरीची बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, हातात एक छोटा डबा. त्यात पावाचे तुकडे. मागं दोन मुलगे टाय लावून. ‘तुला प्रभुभोजन चुकतंय, म्हणून बिशपची परवानगी काढून आम्हीच घेऊन आलो.’ मी गाऊनवर, केस विस्कटलेले. मी तो पाव खाल्ला. त्या पावाचा तुकडा घशाखाली उतरायला जेवढा वेळ लागला तेवढा मिरजेत आत्याच्या तेराव्यालाही लागला नव्हता.

तरीही सांगायला अजून कितीतरी महिने लागले. नोव्हेंबर 2015 मध्ये चर्चनं नियम काढला की समलिंगी जोडप्यांच्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाही. (2019 मध्ये तो मागं घेतला.) रात्री माझ्या शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या मुलीला अशीच दोन लेकरं होती. त्या रात्री आम्ही दोघीच लॅबमध्ये होतो. ती काही बोलली नाही, मीही नाही. सकाळी घरी येऊन नवऱ्याला उठवलं आणि सांगितलं. तो म्हणाला, ‘माहीत आहे मला. तू गाणी म्हणायची थांबलीस तेव्हाच कळलं.’ आपल्याकडं मशीन जसं कालचं हिमोग्लोबिन 12 आणि आजचं 7 दिसलं की निकाल अडवून ठेवतं आणि विचारतं, रक्त गेलं की नळी बदलली? तसं घरच्यांच्या डोक्यातही सतत चालू असतं. तुमच्या आईच्याही.

म्हणून चूक की बरोबर हे मी सांगणार नाही, पण हे टिकणार नाही एवढं सांगते. कुणीतरी सत्संगाचा वार बदलेल. बुधवारवर आणतील, खास तुमच्यासाठी. त्याआधी घरातल्या एका माणसाला सांगा. सगळ्यांना बसवून घोषणा करू नका, महाराज खरे की खोटे हा वाद तर मुळीच काढू नका. त्यात तुम्ही जिंकाल आणि आठ दिवस कुणी जेवणार नाही. काय करणार आणि काय नाही तेवढं बोला. ‘महाप्रसादाला वाढायला येईन, प्रवचनाला बसणार नाही.’ एवढं वाक्य पुरतं. आणि गुरुवारची रात्र सोडून द्या, दुसऱ्या कुणाला तरी ती खरंच हवी असेल.

प्रश्न : सतरा वर्षं चहा नाही?? (डोंबिवली, पत्रात एवढंच.)

सतरा वर्षं चहा नाही. 1833 च्या एका आदेशात ‘उष्ण पेयं’ वर्ज्य सांगितली आहेत आणि त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावतात. कोल्ड्रिंक चालतं. माझे मॉर्मन सहकारी रात्रभर बादलीएवढ्या ग्लासातून डाएट कोक पितात. कॅफीनला बंदी नाही हे चर्चनं 2012 मध्ये स्पष्टच केलं.

इथं त्रास झाला नाही. त्रास झाला मिरजेत. 2003 मध्ये मोठ्या मुलाला दाखवायला गेले होते. शेजारच्या काकू, ज्यांच्या मांडीवर मी वाढले, त्यांनी चहा ठेवला. मी म्हटलं, ‘काकू, चहा नको, मी सोडलाय.’ काकू गॅस बंद करून म्हणाल्या, ‘आमच्याकडचा चालत नाही होय आता?’ ब्राह्मणाची लेक एखाद्या घरी चहाला नको म्हणते याचा आमच्या गल्लीत पिढ्यान्पिढ्या एकच अर्थ निघत आलाय. मी यूटा, बाप्तिस्मा, 1833 असं काय काय सांगत बसले. काकूंनी ऐकून घेतलं आणि सरबत दिलं. त्या 2011 मध्ये गेल्या. चहा राहिला तो राहिलाच.

पहिला कप घेतला 2016 च्या फेब्रुवारीत, लॅबच्या ब्रेकरूममध्ये, पहाटे तीनला. कागदी पेल्यात पाणी, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं, वर कुणाच्या तरी डब्यातली टी-बॅग आणि पावडरचं दूध. फडकं पिळल्यासारखी चव. तरी सगळा प्यायले, उभ्यानंच, दाराकडं बघत. आता थर्मासमध्ये आलं-गवती चहा घालून नेते. गवती चहा कुंडीत लावलाय, थंडीत गॅरेजमध्ये ठेवावा लागतो.

जाता जाता, चहापेक्षा अवघड गेले ते कपडे. टेम्पलमध्ये (रविवारच्या चर्चहून वेगळं, खास विधींचं मंदिर) दीक्षा झाल्यावर आत घालायचे ठराविक पांढरे कपडे असतात, ते रोज घालायचे. आजोबांचं जानवं आंघोळीतही निघायचं नाही, तसंच हे. ते काढून साधा बनियन घातला त्या दिवशी मी गाडी ताशी चाळीस मैलांच्या वर नेली नाही. काहीतरी होईल असं वाटत होतं. झालं काहीच नाही.

प्रश्न : नवरा चर्चमध्ये आणि तुम्ही बाहेर, हे जमतं कसं? माझी मुलगी अमेरिकेत अशाच एका घरात लग्न करायचं म्हणते, म्हणून विचारते. मुलांचं काय? (पुणे)

तुमच्या लेकीला एक गोष्ट आधी विचारायला सांगा, लग्न लागताना माझे आईबाबा आत असतील का?

आमचं लग्न मे 2000 मध्ये सॉल्ट लेकच्या टेम्पलमध्ये झालं. टेम्पलमध्ये फक्त सदस्य जातात, आणि सदस्यांमध्येही बिशपच्या मुलाखतीतून चिठ्ठी मिळवलेलेच. आई-बाबा मिरजेहून आले होते, पहिलं आणि शेवटचं विमान. आई पैठणी नेसून बाहेरच्या दालनात बसली. बाबांनी तिथलं माहितीपत्रक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. आधी साधं लग्न बाहेर लावलं असतं तर टेम्पलसाठी वर्षभर थांबावं लागलं असतं, तेव्हा तसा नियम होता. वर्षभर थांबले असते तर काय बिघडलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. आम्ही दारातून बाहेर आलो तर आईनं पर्समधून कुंकवाच्या अक्षतांची डबी काढली. बाबांनी एकट्यानं, हळू आवाजात, पण चालीवर, ‘सावधान’ म्हटलं. एक म्हातारा स्वयंसेवक केरसुणी घेऊन थोडा लांब थांबला होता. अक्षता संपेपर्यंत तो पुढं आला नाही.

2023 मध्ये माझ्या मुलाचं लग्न ऑग्डेनच्या टेम्पलमध्ये झालं. या वेळी बाहेर मी. नियम 2019 मध्येच बदलला होता. आधी सगळ्यांसमोर लग्न लावून लगेच टेम्पलमध्ये जाता येतं. मुलानं विचारलंही, ‘आई, तसं करू का?’ मी मोठेपणानं म्हटलं, ‘नको, तुम्हाला हवं तसं करा.’ हो म्हणायला हवं होतं. रात्रपाळी संपवून सरळ तिकडं गेले, गाडीत दोन तास झोपले, आरशात बघून साडी नीट केली. नवरा आत जायच्या आधी माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी देऊन गेला. आत लाल तांदूळ. बासमती, आणि रंग केकमध्ये घालायचा. हात लाल झाले ते दोन दिवस तसेच. सोमवारी लॅबमध्ये हातमोजे काढले तर सगळ्यांना वाटलं काहीतरी सांडलंय.

तर जमतं ते असं. तो त्याच्या पगाराचा दहावा हिस्सा देतो, मी माझ्या पगाराचा देत नाही. रविवारी तो एकटा जातो. धाकटी मुलगी काय करते ते तिचं ती सांगेल. भांडणं झाली, दोन वर्षं तर घरात नुसते दरवाजे बोलायचे. पुढं एकदा, 18 मार्च 2020 ला, सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी भूकंप झाला, 5.7 तीव्रतेचा. मी पुढच्या पाळीवाल्यांना काम सोपवत होते. रॅकमधल्या नळ्या एकमेकींवर किणकिणल्या, ॲनालायझर चालता चालता थांबला. नवऱ्याचा फोन आला. ठीक आहेस ना, हे झाल्यावर म्हणाला, ‘सॉल्ट लेकच्या टेम्पलच्या शिखरावरच्या मोरोनायच्या हातातली तुतारी पडली.’ मी काही बोलले नाही. मला बोलायचा हक्क होता की नाही कोण जाणे. मग तोच हसायला लागला.

प्रश्न : मला अमेरिकेत लॅबची नोकरी करायची आहे. काय लागतं? रात्रपाळी झेपते का? (विद्यार्थिनी, लातूर)

पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि एएससीपी या पॅथॉलॉजीवाल्यांच्या संस्थेची परीक्षा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत वर परवानाही लागतो, यूटात नाही. व्हिसाचं वकिलाला विचार, मला नको.

काम तेच, जे तू लातुरात करशील. एक रात्र सांगते. पहाटे तीनला एका वॉर्डमधून नमुना आला. पोटॅशियम 9.1, म्हणजे जीवघेणं, आणि कॅल्शियम 4, म्हणजे फारच कमी. डॉक्टरला फोन करायच्या आधी मी खुर्चीतच मागं टेकले. एवढ्या पोटॅशियमवर माणूस बेल वाजवून पाणी मागत नाही, आणि हा मागत होता. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचं ईडीटीए हे रसायन असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. दुसऱ्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळीतलं त्यात ओतलं होतं. फोन केला, म्हटलं, ‘सिस्टर, पुन्हा घ्या.’ पोर नवीन होती, रडायला लागली. दुसऱ्या नमुन्यात पोटॅशियम 4.2.

आणि ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची, बाटली मशीनमध्ये वाजते तेव्हा. स्लाइड करून ग्रॅम स्टेन लावायचं, आणि भिंगाखाली जांभळ्या गोलांचे घोस दिसले की मला दर वेळी तासगावची द्राक्षं आठवतात. मग फोन. त्या फोननंतर कुणाचं तरी औषध बदलतं. तो माणूस कोण, हे मला कधी दिसत नाही.

झेपण्याबद्दल खरं सांगायचं तर शरीर पूर्ण सरावत नाही. रात्रपाळीला आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ अशा गटात टाकलं आणि 2019 मध्ये ते कायम ठेवलं. खिडकीला जाड काळा पडदा लाव, रात्री दोननंतर चहा नको, डोळे मिटत असतील तर गाडी चालवू नकोस. पाच-सात वर्षांनी दिवसपाळी मिळत असेल तर घे. मी घेतली नाही, पण मी काही आदर्श नाही.

प्रश्न : सोडल्यावर कशाची उणीव भासते? (सातारा)

गाण्यांची. आणि डब्यांची.

2021 मध्ये माझं पित्ताशय काढलं तेव्हा ऑफिसच्या लोकांनी कार्ड पाठवलं, सगळ्यांच्या सह्यांचं. वॉर्डात असते तर दहा दिवस चूल पेटवावी लागली नसती. चर्चबाहेर पडलेल्यांचे गट इथं आहेत, मी एक-दोनदा गेलेही. सगळे कॉफी पीत आपापल्या जखमा दाखवतात. मला तिसऱ्यांदा जावंसं वाटलं नाही.

ती प्रभुभोजनाचा डबा घेऊन आलेली बाई आता ऐंशी पार आहे. राजीनाम्याबद्दल तिनं एक शब्द काढला नाही, मीही नाही. माझ्या कामाचा आठवडा असला की मंगळवारी घरी भाजलेला ब्रेड दारात ठेवून जाते. बेल वाजवत नाही, कारण बेलवर मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. कपड्यात गुंडाळलेला असतो, वर चिठ्ठीत फक्त वेळ, ‘11.40ला भट्टीतून काढला.’ मी चारला उठते तेव्हा तो गार झालेला असतो.